निळे आकडे

सतरा एप्रिलला सकाळी सहा वाजता तुतझोरच्या उबवणीघराचे दार उघडले, तेव्हा अळ्या आधीच बाहेर पडलेल्या होत्या.

सगळ्या पडल्या असत्या तरी चालले असते. डाव्या मांडणीवरच्या ट्रेमध्ये काळ्या, केसाळ, मुंगीएवढ्या अळ्या कागदभर पसरल्या होत्या. त्यातल्या काही एक-दोन दिवस आधीच निघाल्या असाव्यात. पाला न मिळाल्याने त्या वाळून दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या झाल्या होत्या. उजव्या मांडणीवरची अंडी मात्र शाबूत होती, राखी रंगाची, फुटायच्या बेतात. दारातून आलेला उजेड त्यांच्यावर पडला आणि थोड्या वेळाने ती फुटू लागली, अगदी ठरल्याप्रमाणे.

अंगणात तुतीचा कोवळा पाला केसासारखा बारीक चिरून आणलेल्या बायका उभ्या होत्या. प्रत्येक घराला एक ट्रे मिळायचा होता. रेशीमकिडे एका वयाचे असले तर ते एकाच वेळी खातात आणि एकाच वेळी कात टाकायला निजतात. दोन दिवसांचे अंतर पडले की एक निजलेला असताना दुसरा त्याच्या अंगावरून खात फिरतो, चटई घाण होते, रोग शिरतो, आणि शेवटी कोष येतात ते लहानमोठे. तुतझोरमध्ये हे सहा वर्षांच्या पोरालाही माहीत असते.

सगळी अंडी एकाच सकाळी फुटतील, असे वचन इनोबातने दिले होते.

इनोबात याच गावची. ताश्कंदच्या एका संस्थेत ती कीटकांच्या शरीरातल्या घड्याळावर काम करते. फेब्रुवारीत ती परत आली ती गावाला एक खोली तयार करून द्यायला. त्याआधी तुतझोरमध्ये अंडी खोलीत उबवत नसत, अंगावर उबवत. प्रत्येक गल्लीत एक बाई असे, ती गल्लीची अंडी सुती पिशवीत घालून काखेखाली बांधून हिंडे, रात्री तशीच निजे. मशिदीमागच्या गल्लीत हे काम पंचवीस-तीस वर्षे हुर्रियत खालाकडे होते. इनोबात जन्मली त्या वसंतात तिच्या घरची अंडीही हुर्रियत खालाच्याच काखेत होती.

खोली झाल्यावर पिशवीचे काम संपले. मोहल्ल्याचे वडीलधारे गुलोम अका यांनी खालाला उबवणीघराची किल्ली आणि झाडू दिला, म्हणजे तिला वाईट वाटू नये.

अंडी अंधारात ठेवायच्या आदल्या दिवशी इनोबातने बायकांना अंगणात बसवून सगळे समजावले होते.

“अंड्यातल्या किड्याला पहाट कळते,” ती म्हणाली. “डोळ्यांनीच कळते असं नाही. त्याच्या मेंदूत एक प्रथिन असतं. त्याच्यावर निळा उजेड पडला की ते आकार बदलतं, आणि किड्याचं घड्याळ पहाटेवर येतं. म्हणून शेवटचे दोन दिवस पूर्ण अंधार. ज्यांची तयारी आधी झाली ती थांबतील, मागची त्यांना येऊन गाठतील. मग एका सकाळी दार उघडायचं. सगळी एकदम बाहेर.”

“निळ्या उजेडानं उठतात?” तोख्ताखोन ओपा म्हणाली. ओपा म्हणजे थोरली ताई; ही कोपऱ्यावरच्या घरातली. तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. “मग आमच्या घरच्यांना निळी रजाई शिवते. दुपारपर्यंत घोरत असतात.”

“त्यांच्यात ते प्रथिन नसेल, ओपा.”

“त्यांच्यात काहीच नाही गं. पोट तेवढं आहे.”

बायका हसल्या. हुर्रियत खालाने विचारले, “मग आत पाणी बघायला जायचं ते चाचपडत का?”

“लाल दिवा लावलाय ना, खाला. लाल उजेड त्या प्रथिनाला लागत नाही. किड्याच्या लेखी लाल म्हणजे अंधारच.”

तिने सगळी काळजी घेतली होती. खिडकीच्या फटी चिखलाने लिंपल्या, दाराला आतून जाड लोकरी नमद्याचा पडदा लावला, बाहेर टोपली ठेवून आत जाणाऱ्याने फोन त्यात टाकायचा असा नियम केला. खोली बंद करायच्या दिवशी ताश्कंदहून हवेतला दमटपणा मोजायचे नवे यंत्र आले. ते तिने स्वतःच्या हाताने दाराजवळच्या खांबाला टांगले. अंधाराच्या दोन दिवसांत पाणी बघायला खालाच तेवढी आत जाणार होती.

सतरा तारखेला सकाळी ती डाव्या मांडणीसमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या पायाखाली काहीतरी चुरचुरले. राख होती. मग तिला वास आला. इसिरिकचा. इसिरिकच्या वाळलेल्या काड्या निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर घरभर फिरवला की दृष्ट उतरते, असे आमच्याकडे मानतात. नव्या बाळाभोवती फिरवतात, नव्या नवरीभोवती फिरवतात, आणि किड्यांच्या खोलीत तर फिरवतातच.

“हे कुणी केलं?”

“मी, पोरी,” हुर्रियत खाला दारातून म्हणाली. “परवा. जिल्ह्याचे पाहुणे आले होते ना, केवढी वाहवा करून गेले. एकानंही तोंडातून देवाचं नाव काढलं नाही. मला धास्ती वाटली.”

“निखारे घेऊन आत गेलात?”

“एक चक्कर मारली. दोन्हीकडून.”

“अंधारात? मी इतकं सांगितल्यावर?” इनोबातचा आवाज चढला. अंगणात परड्या घेतलेल्या बायका, भिंतीपाशी गुलोम अका, फाटकात पोरे. “खाला, तुम्ही सगळ्या गावाचं वर्ष जाळलंत.”

मग तोख्ताखोन ओपा म्हणाली, “पण तूच म्हणाली होतीस ना, लाल चालतं म्हणून? निखारा लालच असतो.”

इनोबातला उत्तर सुचायला वेळ लागला नाही. हे तिला नंतर सगळ्यात जास्त बोचले.

“निखाऱ्याला ज्वाळा फुटते. ज्वाळा लाल नसते.”

“झाकणाच्या कढल्यात ज्वाळा कुठली आली?”

इनोबात ट्रेकडे वळली. उत्तर खालानेच दिले. “असेल गं. मधेच विझत होते ते. मी फुंकर मारली होती.”

त्या फुंकरेवर प्रकरण मिटले. दुपारपर्यंत ती सगळ्या गल्ल्यांत पोचली.

किड्यांच्या दिवसांत तुतझोरमध्ये घरे जरा वेगळी होतात. किड्यांच्या खोलीवर पडदा लागतो, परका माणूस आत येत नाही, आणि कुणाचा पायगुण कसा आहे याची चर्चा उघड होते. हलक्या पायाच्या बाईला बोलावून आणतात, पहिला पाला तिच्या हाताने घालून घेतात. इतकी वर्षे ती बाई हुर्रियत खाला होती. अठरा तारखेला ती सवयीने तीन घरे पलीकडच्या घरी गेली, तर तिथल्या सुनेने फाटकातच सांगितले, “सासूबाई निजल्यात, खाला,” आणि फाटक लोटले. सासू आत पाला चिरत होती. विळी चालल्याचा आवाज बाहेर येत होता.

खालाने उबवणीघराची किल्ली खिडकीच्या कठड्यावर ठेवली. पुन्हा ती तिकडे आली नाही.

दंव पडून पहिला पाला जळाला तर उपयोगी पडावीत म्हणून राखीव अंडी थंड पेटीत असतात. इनोबातने ती काढली आणि उबेला लावली. अकरा-बारा दिवस लागणार होते. पहिल्या खेपेतले जे वाचले ते घरोघर वाटले गेले, कुणाला अर्धा ट्रे, कुणाला त्याहून कमी. कुणीही इनोबातला बोल लावला नाही. उलट रोज कुठल्या ना कुठल्या घरून झाकलेला वाडगा येई, कधी शोरबा, कधी वाफवलेल्या मनती. वाडगा घेऊन आलेली पोरगी निरोप सांगे, “आई म्हणाली, ताईचा काय दोष.”

बावीस तारखेला दुपारी वीज गेली. हीटर बंद पडला. इनोबातने गरम पाण्याचे डबे भरले आणि आत नेले. अंधार सुरू व्हायला अजून सहा दिवस होते, तरी फोन तिने सवयीने टोपलीत टाकला. खिडक्या लिंपलेल्याच होत्या, लाल दिवाही गेलेला. ऊब जाऊ नये म्हणून पडदा ओढून ती डोळे सरावण्याची वाट पाहत उभी राहिली. पूर्ण अंधारात डोळे सरावूनही काही दिसायचे नसते, हे तिला चांगले माहीत होते. थोड्या वेळाने तिला स्वतःची बोटे दिसली.

बोटे निळसर होती.

ती वळली. खांबावरच्या यंत्राचे आकडे जळत होते. त्यात बॅटरी होती, विजेचा आणि त्याचा संबंध नव्हता. पंचाहत्तर टक्के, चोवीस अंश. अंगठ्याच्या नखाएवढे आकडे, स्वच्छ निळे. लाल दिवा चालू असताना त्यांचा उजेड त्या लालीत बुडून जाई, वेगळा कळतच नसे. आता तो समोरच्या डाव्या मांडणीवर पडलेला स्पष्ट दिसत होता, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. उजवी मांडणी खांबाच्या आड होती. तिकडे काळोख होता.

डबे तिच्या हातातच राहिले. त्यातले पाणी निवत गेले.

तिला काही नव्याने शोधायचे नव्हते. तिने स्वतः शिकवलेलेच समोर होते. निळा उजेड पडला की ते प्रथिन घड्याळातल्या दुसऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते, ते दुसरे मोडून पडते, आणि घड्याळ सरकते. फळमाशीत हे नीट तपासलेले आहे. रेशीमकिड्यात तपशील वेगळे असतील, पण निळ्याने जाग येते आणि लालाने नाही, एवढे नक्की. उजेड सतत असला तर थांबायचे कशासाठी हेच अंड्यातल्या जिवाला कळत नाही. ज्याची तयारी झाली तो निघतो. हुर्रियत खाला कढले घेऊन दोन्ही मांडण्यांभोवती फिरली होती. तिच्यामुळे बिघडले असते तर दोन्हीकडे बिघडले असते. सतरा तारखेला सकाळी डावी-उजवी हा फरक इनोबातच्या डोळ्यांसमोर होता. तिने तो पाहिला होता. पण त्याआधी तिच्या पायाखाली राख आली.

तिने ओढणी काढून यंत्राला गुंडाळली. नंतर काळ्या कापडाची पिशवी शिवून त्यावर चढवली. कुणी विचारले तर धूळ बसते म्हणून, असे सांगायचे तिने ठरवून टाकले. कुणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी ती तंदूरमधून नुकत्याच काढलेल्या दोन नान कापडात बांधून हुर्रियत खालाकडे गेली. मशिदीमागच्या गल्लीत घरोघरच्या सुना पहाटे उठून आपापल्या फाटकासमोरची जागा झाडतात, पाणी शिंपतात. त्या सकाळी गल्ली नेहमीसारखी झाडलेली होती. फक्त खालाच्या फाटकासमोरचा तुकडा तसाच होता. दोन्हीकडच्या सुनांनी आपले झाडणे त्याच्या कडेला आणून थांबवले होते; मातीत झाडूची रेघ दिसत होती. खालाची मुलगी ओयदिन लग्न होऊन कोकंदला गेली तेव्हापासून तो तुकडा शेजारच्या सुना झाडत.

“ये, ये,” खाला म्हणाली. “अशी दारात काय उभी राहिलीस, मी काय चावते? तेवढं नाही शिकले अजून.”

तिने दस्तरखान पसरला, जर्दाळू ठेवले, बदाम ठेवले, इनोबातनेच आणलेली नान मोडून तिच्यापुढे सरकवली. पियाल्यात चहा अगदी तळाशी ओतला, मानाच्या पाहुण्याला ओततात तसा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता यावा. इनोबातने नान तोंडात घातली. वर चहा पिऊन टाकला.

“खाला, मी एक सांगायला आलेय.”

“मला ठाऊक आहे काय सांगणार. त्या दिवशी ओरडलीस ते ना? मग ओरडायचं नाही तर काय करायचं? इतकं शिकलीस, इतकी राबलीस, आणि ही म्हातारी निखारे घेऊन आत शिरते. तुझी आई असती तर तिनं मला कढल्यासकट बाहेर काढलं असतं.”

“तसं नाही…”

“ऐक तर. माझ्या काखेत होती ना अंडी, तेव्हा चार-चार दिवस फुटत राहायची. आज मूठभर, उद्या मूठभर. बायका मला काय म्हणायच्या माहितीये? तुझी काख उधारी हप्त्याहप्त्यानं फेडते. तू म्हणालीस एका सकाळी सगळी. मी म्हटलं, काय वाटेल ते होवो, एकदा हे बघायचं. दार उघडायचं आणि एकदम सगळी. तेवढ्यासाठीच किल्ली घेतली होती गं, नाहीतर झाडू मारायला माझं घर काय कमी आहे?” ती थांबली. “आणि मीच ते मोडलं. तूच मला माफ कर.”

इनोबातच्या हातात पियाला होता. तो रिकामा होता, तरी तिने तो तोंडाला लावला.

“जाऊ द्या, खाला,” ती म्हणाली.

खालाने पुन्हा चहा ओतला.

बाहेर पडल्यावर इनोबात त्या न झाडलेल्या तुकड्यावरून चालत गेली. त्यानंतर ती मागच्या बाजूने, कालव्याकाठच्या वाटेने जायला लागली. ती वाट लांबची आहे, आणि तिकडे तिचे काही काम नसते.

सव्वीस तारखेला खाला कोकंदला मुलीकडे गेली. मोठे गाठोडे घेऊन, म्हणजे लवकर परतायचे नाही अशा बेताने. मोटारीत बसताना तिने तोख्ताखोन ओपाला सांगितले, “तुमचे किडे कोषात गेले की बोलाव मला. म्हणजे माझी सावली पडायला नको.” ओपाने ते थट्टेवारी नेले. घरी आल्यावर मात्र ती नवऱ्यावर उगाचच खेकसली, असे नवऱ्यानेच सांगितले.

इनोबातला हे संध्याकाळी कळले. त्या रात्री आलेला वाडगा तिने परत पाठवला.

अठ्ठावीस तारखेला पाला वाटपाच्या अंगणात सगळे जमले होते. पुरुष तुतीच्या फांद्यांच्या मोळ्या गाडीतून उतरवत होते, बायका आपापल्या वाट्याच्या मोळ्या ओढून बाजूला लावत होत्या. इनोबात गाडीच्या चाकापाशी उभी राहिली आणि बोलू लागली. पहिली दोन वाक्ये कुणाला ऐकूच गेली नाहीत. मग गुलोम अकांनी हात वर केला.

“निखाऱ्यानं काही झालं नव्हतं,” ती म्हणाली. “निखारा लाल असतो. लाल त्यांना लागत नाही, मीच तुम्हाला शिकवलं होतं. खांबावर जे यंत्र आहे, त्याचे आकडे निळे आहेत. ते मी टांगलं. डावी मांडणी त्याच्या समोर होती, म्हणून डावीकडची फुटली. खालाचा काही संबंध नाही.”

फांद्या ओढायचा आवाज थांबला.

“कधी कळलं तुला?” तोख्ताखोन ओपाने विचारले.

“बावीसला.”

“आणि आज किती?”

“अठ्ठावीस.”

“बरं.” ओपाने मोळीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. “म्हणजे तेवीसला तू तिच्याकडे नान घेऊन गेलीस, मी बघितलं होतं, तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“तिनं खाऊ घातलं असेल.”

“हो.”

“आणि तू खाल्लंस.”

इनोबातने मान हलवली. तिचे कान लाल झाले होते. ते तिने झाकले नाहीत.

गुलोम अका मध्ये पडले. “झालं ते झालं. यंत्राची चूक, माणसाची नाही. म्हातारी लेकीकडे सुखात आहे. परवा संस्थेची माणसं येणार, त्यांच्यासमोर आता हे कशाला…”

“यंत्र आपणहून खांबावर चढलं का, अका?” तोख्ताखोन ओपा म्हणाली. मग इनोबातकडे वळली. “आणि तू आम्हाला कशाला सांगतेस? आम्ही तिला काय म्हणालो? एकदा फाटक लावलं, तेही मान खाली घालून. तू सगळ्यांदेखत बोललीस. तिच्यादेखत सगळ्यांना सांग. नाहीतर हे असं चाकामागून बोलणं सोपं असतं.”

“मी कोकंदला जाते.”

“खोली कोण सांभाळेल? आजपासून तुझा तो अंधार ना?”

हे खरे होते. अंडी त्या टप्प्याला आली होती. अठ्ठावीसच्या दुपारी खोली बंद करायची आणि तीसच्या पहाटे उघडायची. मधल्या वेळात ऊब आणि दमटपणा बघायला इनोबातशिवाय कुणी नव्हते. आता आकडे झाकलेले असल्याने दमटपणासाठी जुन्या ओल्या-कोरड्या तापमापकाचा पारा तिला लाल दिव्यात डोळ्यांनी वाचावा लागणार होता.

मग बायकांनी आपसात ठरवले. ते ठरवताना इनोबातला विचारले नाही. तीसच्या सकाळी दार हुर्रियत खालाने उघडायचे. पहिला पाय तिचा. त्याआधी कुणी उघडणार नाही, आणि कुणी ट्रे नेणार नाही.

“आणि त्या आल्या नाहीत तर?” गुलोम अकांनी विचारले.

“तर मग किडे आणि ही बघून घेतील,” तोख्ताखोन ओपा म्हणाली.

इनोबातने त्याच दुपारी कोकंदला फोन केला. ओयदिनने उचलला. इनोबातने तिला सगळे सांगितले, जसे अंगणात सांगितले तसेच, आणि तेवीस तारखेच्या नानचेही सांगितले.

“आई इथं किड्यांच्या खोलीत जात नाही,” ओयदिन म्हणाली. “माझ्या सासरी दोन ट्रे आहेत. ती अंगणातच बसते, तिकडे पाठ करून. मी विचारलं तर म्हणते, पाय दुखतात.”

“मला त्यांच्याशी बोलू दे.”

“ती झोपली आहे.”

दुपारचे तीन वाजले होते. इनोबातने एकोणतीसला पुन्हा दोनदा फोन केला. पहिल्यांदा ओयदिन म्हणाली, “मी तिला सगळं सांगितलं.” “काय म्हणाल्या?” “काही नाही. विचारलं की दार किती वाजता उघडणार.” दुसऱ्यांदा कुणी उचलला नाही.

एकोणतीसच्या सकाळी हुर्रियत खालाच्या फाटकासमोरचा तुकडा झाडलेला होता, पाणी शिंपलेले होते. कुठल्या सुनेने झाडला ते कुणी सांगितले नाही. इनोबातनेही झाडला नव्हता. ती त्या वेळी खोलीत होती.

तीस तारखेला पहाटे पाच वाजल्यापासून अंगण भरू लागले. परड्यांत चिरलेला पाला होता, वर ओली कापडे. संस्थेची दोन माणसे आली होती. त्यांना कुणी तरी चहा दिला आणि भिंतीपाशी बसवले. त्यातला एक घड्याळ बघत होता. इनोबात दाराजवळ उभी होती, किल्ली हातात होती. तिने त्या माणसांना यंत्राबद्दल आधीच सांगितले होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि अहवालात पाहू, असे म्हटले.

साडेपाचला ओयदिनचा फोन आला. तोख्ताखोन ओपाने इनोबातला तो सगळ्यांसमोर मोठ्या आवाजावर लावायला सांगितले.

“आई घरात नाही,” ओयदिन म्हणाली. “अजानच्या आधीच उठून गेली. कुठं ते सांगितलं नाही. कढलंही नेलंय.”

“मोटार कुठली?”

“मला माहीत नाही. शेजारचा म्हणतो, आई नाक्यावर उभी होती.”

कोकंद ते तुतझोर, मोटार मिळाली तर, तासा-दीड तासाचा रस्ता आहे. नाक्यावरून दुसरीकडेही मोटारी जातात. खालाची एक बहीण नमानगानला असते.

सहापर्यंत लख्ख उजाडले. सव्वासहाला ऊन भिंतीवर आले. पाला सुकू नये म्हणून बायकांनी कापडांवर पुन्हा पाणी शिंपडले. संस्थेचा माणूस उठून इनोबातजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की अंधार लांबला तर कडेची अंडी दुपारपर्यंत आपोआप फुटायला लागतील, आणि मग पहिल्यासारखेच होईल. इनोबात म्हणाली की तिला माहीत आहे.

सहा वाजून चाळीस मिनिटे झाली तरी दार बंद होते, आणि कुलपाला किल्ली लावायला इनोबातने हात उचलला नव्हता.